शार्लटला जाण्याआधी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी बाबांनी दोन वाक्यांत बोलणं आटोपून आईकडं फोन दिला, तेव्हाच ठरवलं की हे लिहूनच सांगायचं. फोनवर मी भरभर बोलते आणि तुम्हाला वाटतं, पोरगी काहीतरी दडवतेय. तर सरळ सांगते. मिशिगनची नोकरी मी सोडली आहे. नॅसकार नावाच्या इथल्या मोटार शर्यतींतल्या एका टीममध्ये इंजिनिअर म्हणून जातेय. त्यांच्या कागदांवर सही झाली, व्हिसाचं काम वकिलांनी मार्गी लावलंय, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी नॉर्थ कॅरोलिनात, शार्लटजवळच्या मूर्सव्हिलला राहायला जातेय. आधी विचारायला हवं होतं, असं आत्या म्हणेलच. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघं रात्र-रात्र जागला असता आणि शेवटी "तुला योग्य वाटेल ते कर" असंच म्हणाला असता. मग मधलं जागरण कशाला?

आई, आधी तुझ्यासाठी. मी गाडी चालवणार नाही. कधीच नाही. काकूनं पाठवलेला तो व्हिडिओ मी पाहिला. तो २०२० चा, डेटोनाच्या ट्रॅकवरचा, रायन न्यूमन नावाच्या ड्रायव्हरचा अपघात. गाडी उलटली, ठिणग्या उडाल्या, सगळं खरं. पण दोनच दिवसांनी तो माणूस दोन्ही मुलींचे हात धरून हॉस्पिटलातून चालत बाहेर आला. तो फोटो मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही. ड्रायव्हरची मान धरून ठेवणारा पट्टा, धक्का खाऊन आत दबणाऱ्या भिंती, हे सगळं २००१ नंतर आलं आणि तेव्हापासून नॅसकारच्या सर्वांत वरच्या मालिकेत ट्रॅकवर एकही ड्रायव्हर गेलेला नाही. आणि मी तर भिंतीच्या अलीकडं असेन. चाकं लावलेला एक उंच लोखंडी मचाण असतो, वर छप्पर, खुर्च्या, स्क्रीन. त्याला पिट बॉक्स म्हणतात. तिथं लॅपटॉप घेऊन बसायचं. ऊन लागू नये म्हणून टोपी घेतली आहे. कानाला हेडफोन असतो, त्यामुळं आवाजाचीही भीती नाही.

बाबा, आता तुमचा प्रश्न. "नुसतं डावीकडंच वळायचं, त्यात कसलं इंजिनिअरिंग?" तुमच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. अंडाकृती ट्रॅक, सगळी वळणं डावीकडं, हे खरंच आहे. म्हणून तर गाडी दोन्ही बाजूंनी सारखी ठेवायचीच नसते. चार चाकांवर वजन कसं वाटायचं, सगळा खेळ त्यात आहे. आपलं स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगायचं तेव्हा तुम्ही एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारायचा आणि समोरच्या कोपऱ्यातल्या पायावरही भार यायचा, तसंच हे. मागच्या काचेतून लांब पाना घालून स्प्रिंगवरचा स्क्रू फिरवतात. अर्धा आटा, एक आटा. तेवढ्यानं ताशी तीनशे किलोमीटरला गाडीचा स्वभाव बदलतो. ड्रायव्हर रेडिओवर एवढंच सांगतो की गाडी "लूज" आहे, म्हणजे मागचा भाग बाहेर पळतोय, किंवा "टाइट" आहे, म्हणजे पुढची चाकं वळायला तयार नाहीत. त्यावरून किती हवा काढायची आणि किती आटे फिरवायचे, हे क्रू चीफ, म्हणजे त्या गाडीच्या टीमचा प्रमुख, ठरवतो. मी त्याला आकडे पुरवणार.

कुणाच्या हाताखाली, हेही विचारलंत. ते सविस्तर सांगते, कारण निम्मा निर्णय त्या माणसामुळं झालाय. आमचा चीफ आधी ड्रायव्हर होता, पण नाव घेतलं तरी इथल्या लोकांनाही चटकन आठवणार नाही असा. दिवसभर दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग करायचं आणि शनिवारी रात्री गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायची. वरच्या मालिकेत ज्यांना ड्रायव्हर परवडत नसे, त्यांच्या गाडीत हा बसायचा. एका काळी तर तो पोटासाठी शर्यत सुरू करून सोडून द्यायचा. पंधरा-वीस फेऱ्या मारायच्या, गाडी थरथरते असं कारण सांगायचं आणि आत घ्यायची. शेवटच्या नंबरालाही पैसे मिळत, आणि टायर-इंजिनाचा खर्च वाचे. त्या वेळी हे करणारे बरेच होते. लोक हसायचे. पण सगळ्या वाईट गाड्या ह्याच्या वाट्याला आल्यामुळं वाईट गाडी काय बोलते ते ह्याला जेवढं कळतं, तेवढं कायम उत्तम गाडी मिळालेल्याला कळत नाही. हे माझं मत. आमच्या ड्रायव्हरनं नुसतं "हंऽ" केलं तरी चीफ डाव्या मागच्या टायरकडं बघतो. एकही मोठी शर्यत न जिंकता तो खाली उतरला, मेकॅनिक झाला आणि तिथून वर आला. मुलाखतीत त्यानं माझे मार्क विचारले नाहीत. वडील काय करतात ते विचारलं. मी म्हटलं, उद्यमनगरात लेथ होती. मग पाऊण तास आम्ही तुमच्याबद्दलच बोलत होतो. तो चाकणचा विषय मी काढला नाही, काळजी नको.

आणि हा काही एकटाच नाही. ह्या वाटेवरचं मोठं नाव रे एव्हर्नहॅम. न्यू जर्सीचा, तोही छोट्या ट्रॅकवरचा ड्रायव्हर. पोट भरायला आयरॉक नावाच्या मालिकेत गाड्या तयार करायचा. तिथं वेगवेगळ्या शर्यतींचे विजेते बोलावून सगळ्यांना तंतोतंत सारख्या गाड्या द्यायच्या असत. बाबा, एका मापाचे डझनभर जॉब काढणं काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. १९९१ मध्ये त्याला अपघात झाला, डोक्याला मार बसला आणि अंतराचा अंदाज पूर्वीसारखा राहिला नाही. (आई, हा १९९१ चा, छोट्या ट्रॅकवरचा.) गाडी चालवणं संपलं. १९९२ च्या नोव्हेंबरात तो जेफ गॉर्डन नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराचा क्रू चीफ म्हणून अटलांटाला उभा होता. गॉर्डनची ती पहिलीच मोठी शर्यत. पुढं दोघांनी मिळून ४७ शर्यती जिंकल्या आणि १९९५, १९९७, १९९८ अशी तीन अजिंक्यपदं घेतली. चाकं बदलायला पूर्वी मेकॅनिकच धावायचे. ह्यांच्या टीमनं त्या कामासाठी खेळाडू तयार केले, त्यांना प्रशिक्षक नेमला, रोज सराव ठेवला. आज सगळ्याच टीम तसं करतात. १९९७ मध्ये त्यानं शार्लटला डायनासोरचं चित्र रंगवलेली गाडी आणली. ती इतकी वेगळी बांधलेली होती की जिंकल्यावर अधिकाऱ्यांनी सांगितलं, ही परत आणू नका. तुम्हाला हा माणूस आवडला असता, बाबा. शार्लटला ह्या खेळाचं संग्रहालय आहे, त्यात २०१८ साली त्याला मान मिळाला. तुम्ही आलात की आधी तिथं नेईन. एका दिवसात बघून होत नाही, आणि आईसाठी आत बसायला बाकं आहेत.

बायका असतात का, हे तू विचारलं नाहीस आई, पण तुझ्या मनात असणार. असतात. अल्बा कोलोन नावाच्या बाई कितीतरी वर्षं जनरल मोटर्सचं ह्या शर्यतींचं काम सांभाळत होत्या. त्या पोर्टो रिकोत वाढल्या, इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नव्हे.

पगार थोडा कमी आहे. थोडाच. घराच्या हप्त्याला धक्का नाही, तुमच्या विम्याचे पैसे नेहमीच्या तारखेला जातील. उलट मिशिगनची थंडी सुटली. तिकडं हिवाळ्यात बर्फ उपसत बसावं लागत नाही, म्हणजे तुझा तो सर्दीचा विषय संपला. घर लहान आहे पण ऊन येतं, गॅसची शेगडी आहे (मुद्दाम बघून घेतलं), तूरडाळ, पोहे, इंद्रायणी तांदूळ सगळं शार्लटला मिळतं. कांदा-लसूण चटणी तेवढी मिळत नाही, ती अजून दोन बरण्या आहे. मराठी माणसंही बरीच आहेत, गणपती बसवतात. एकटी पडेन असं डोक्यात आणू नका.

खरं सांगू, ह्याला तुम्हीच जबाबदार आहात, बाबा. शाळा सुटल्यावर मी लेथशेजारच्या खोक्यावर बसायची, लोखंडाचा कीस वेटोळं होऊन पडायचा आणि तुम्ही ओरडायचा, "हात लावू नको, कापेल." मोहित्यांच्या ट्रॅकवर मला कार्टिंगला कुणी नेलं? आणि घरी आल्यावर "गंगावेशीत जरा काम होतं" असं कुणी सांगितलं? आईला तेव्हाच कळलं होतं. माझ्या केसांना पेट्रोलचा वास येत होता, तिनं काही न बोलता डोक्यावरून पाणी घातलं. अजूनही कधी फार दमले की वाटतं, कुणीतरी तसं डोक्यावरून पाणी घालावं.

आता जरा कठीण भाग. शर्यती फेब्रुवारीत सुरू होतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतात, जवळजवळ दर आठवड्याला एक. म्हणजे गणपतीला मी येऊ शकणार नाही. गौरीचं आवाहन वहिनी करेल, मी बोलले आहे तिच्याशी, आणि पूरण ह्या वेळी विकत आणायचं. आणायचंच. नोव्हेंबरच्या मध्यात मी चार आठवडे येतेय. आई, गुडघ्याचं ऑपरेशन तेव्हा. डॉक्टर म्हणालेत की तोवर थांबायला हरकत नाही, पण वजन वाढता कामा नये आणि मांडी घालून बसायचं नाही. देवासमोरही खुर्ची. अंबाबाईला शुक्रवारीच जायला हवं असं नाही, मंगळवारी सकाळी गर्दी कमी असेल तर तेव्हा जा, पण रिक्षानं आणि आत्याला घेऊन.

बाबा, अँजिओप्लास्टीनंतर दिलेली रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. गल्लीतल्या मेडिकलवाल्याचं ऐकून बदलायचीही नाही. रंकाळ्याची चक्कर चालू ठेवा, पण उजेड झाल्यावर. स्कूटर रात्री नको. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवायला माणूस शनिवारी येईल, पैसे दिलेत, त्याला "नंतर ये" म्हणून परत पाठवू नका. पावसाळ्यात नदीची पातळी वाढायला लागली की पन्हाळ्याला काकांकडं जायचं. २०१९ सारखं "बघू, बघू" करत बसायचं नाही.

रविवारी मी ट्रॅकवर असेन, म्हणून आता फोन मंगळवारी, तुमच्या सकाळी सातला, बाबांचा चहा झाल्यावर. सोमवारी पहाटे शर्यत बघायला उठू नका, निकाल मी कळवेन.

तुमचीच,
मनू

ता.क. बाबा, स्प्रिंगवरच्या त्या स्क्रूचा फोटो मिळाला की पाठवते. आटे किती आहेत ते मोजू द्यायचे की नाही, हे चीफला विचारावं लागेल. तोवर उद्यमनगरात कुणाला सांगू नका, आणि आपट्यांना तर मुळीच नको.