जुन्या गाड्या किलोवर घालू नका

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एमजी टीसी ही जुनी स्पोर्ट्स गाडी दुरुस्तीला उघडून ठेवलीय, १९४५ ते १९४९ एवढीच वर्षं इंग्लंडात बनली, साधारण १०,००० गाड्या, १२५० सीसी इंजिन. बाहेरून नुसता पत्रा दिसतो पण बॉडीचा सांगाडा ॲश लाकडाचा, तो पार भुगा झालेला, ओळखीच्या सुतारानं जुन्या सागवानातनं एकेक तुकडा लावून बघत बघत घडवला. इंजिनच्या बोल्टची तर गंमतच, आटे मेट्रिक म्हणजे मिलिमीटरच्या मापाचे आणि डोकं व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचं, म्हणजे घरातला एक पाना धड बसंल तर शपथ, जोर लावला की कोपरेच गोल होतात. शेवटी उद्यमनगरात एका म्हाताऱ्या टर्नरनं नमुना हातात फिरवून बघितला आणि लेथवर तसाच्या तसा काढून दिला, लई भारी माणूस (पैसे पण बेतानंच घेतले).

तर मुद्दा असा, २०२१ पासून केंद्राचा नियम आहे, ५० वर्षांवरची, मोठे बदल न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीला २०,००० रुपये आणि नंबरात व्हीए ही अक्षरं, आधीची नोंदणी असेल तर जुनाच नंबर राहतो. फक्त रोजच्या वापराला नि धंद्याला चालवायची नाही. हे बऱ्याच जणांना ठाऊकच नाही, म्हणून परड्यात पडलेल्या गाड्या भंगारवाल्याकडं जातात. कागदपत्रं काय लागतात ते एकदा सविस्तर छापा की राव.

एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर