आप्पा, तुमचा रुमाल अजून माझ्याकडेच आहे

आप्पा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर वाचत नाही, म्हणून हे नातीकडून वाचून घ्या. घरी येऊन सांगणारच आहे, पण चारचौघांतही सांगायचं होतं.

तुमच्या अमळनेरच्या दुकानाची पायरी चढलो तेव्हा मी पार कंटाळलेलो होतो. जुन्या समुद्री लढाया मी पोरांपुढे टेबलावर खेळ म्हणून मांडतो. त्यासाठी एका दुकानदाराने चाळीस छोट्या जहाजांचे पैसे आगाऊ घेतले, पाच महिने 'पुढच्या आठवड्यात' म्हणत झुलवलं आणि शेवटी एकोणीस पाठवली. तीही टोकं वाकलेली. नंतर फोन उचलणं बंद. हॉल देतो म्हणणाऱ्यांनी ऐन वेळी 'खेळण्यांसाठी हॉल मिळणार नाही' असं कळवलं. तो शब्द अजून टोचतो. इ.स.पूर्व ४८० मध्ये ग्रीक आणि इराण्यांच्या लढाईत ग्रीसमधल्या सलामिसच्या चिंचोळ्या खाडीत हजारो माणसं बुडाली. इराणी आरमार एवढं मोठं असून तिथं कसं अडकलं, जहाजांना वळायलाच जागा कशी उरली नाही, हे पोरांना पुस्तकातून कळत नाही. निळ्या कापडावर जहाजं एकमेकांत गुंतली की लगेच कळतं.

तुम्ही त्या वाकड्या टोकांच्या एकोणिसांतलं एक जहाज उजेडाकडे धरलंत आणि विचारलंत, "हाई टोक पानीना वर ऱ्हास का खाले?"

आप्पा, तोवर प्रत्येकाने मला 'याचा उपयोग काय' एवढंच विचारलं होतं. मी सांगितलं, अगदी पाण्याच्या रेषेवर. शत्रूचं जहाज तिथंच फोडायचं. कांशाचं असायचं ते. पुढच्या काळातल्या एका मोठ्या जहाजाचं टोक १९८० मध्ये इस्रायलच्या किनाऱ्याजवळ सापडलं, ते ४६५ किलो भरलं. तुम्ही कानामागची पेन्सिल काढून लाकडाच्या तुकड्यावर पाण्याची रेघ मारलीत. साग नको, एवढ्या बारीक कामात त्याचा रेषा उठतो, हळदू घेऊ म्हणालात. टोकाला पितळी तार, वल्ह्यांना बांबूच्या काड्या. ट्रायरीमवर, म्हणजे त्या काळच्या ग्रीक लढाऊ जहाजावर, तीन थरांत १७० वल्हेकरी बसत. सहा सेंटीमीटरच्या जहाजाला तुम्ही एका बाजूला बारा काड्या बसवल्यात, सगळ्या एकाच कोनात.

काम चालू असताना मी बोलता बोलता म्हणालो होतो, की शत्रूच्या कडेने घासत जाऊन वल्ही मोडायची, हाही एक डाव असे. मग ते जहाज सरळ जात नाही, जागीच फिरतं. तुम्ही कानस थांबवली नव्हती. फक्त तापीकाठच्या तुमच्या गावची नाव आठवून 'फिरणारच' एवढं म्हणालात.

खेळाच्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने तुम्ही धुळ्याला आलात. चाळीस जहाजांचा खोका दिलात आणि मग खिशातून पांढरा रुमाल काढलात. त्यात आणखी चार जहाजं होती. एका बाजूला बारा वल्ही, दुसऱ्या बाजूला नुसती थोटकं. मी निरखून पाहिलं. काड्या कापलेल्या नव्हत्या, अंगठ्याने मोडलेल्या होत्या, बांबूचे तंतू बाहेर आलेले. ही चार मी मागितलीच नव्हती. मजुरीत ती धरली नाहीत, आणि विचारलं तर म्हणालात, लढाईत लागतील.

लागली, आप्पा. दुसऱ्याच तासाला एका मुलीने अथेन्सचं जहाज इराण्यांच्या कडेने घासत नेलं. मी पटावरचं जहाज उचलून तिथं तुमचं मोडक्या वल्ह्यांचं ठेवलं. टेबलाभोवतीची सगळी पोरं गप्प झाली. ज्याचं जहाज होतं तो सातवीतला मुलगा थोटकांवरून बोट फिरवत म्हणाला, "आतली माणसं?" मी इतकी वर्षं ही लढाई मांडतोय, पण पोरांच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

पैसे घेऊन तोंड लपवणारे भेटतात, तसे न सांगितलेलं ऐकून घेणारेही भेटतात. असा माणूस समुद्रापासून इतक्या लांब, आपल्या खानदेशात भेटला, याचं मला फार अप्रूप आहे.

रुमाल धुऊन, घडी करून ठेवलाय. आखाजीला घेऊन येतो. येताना इ.स.पूर्व २६० च्या मायलीच्या लढाईचं चित्रही आणेन. तिथं रोमनांनी जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उचलता-टाकता येणारा पूल बसवला होता, खाली लोखंडी अणकुची. त्याला बिजागरी कशी करायची, ते तुम्हालाच विचारायचंय.

तुमचा,
धुळ्याचा जहाजवाला