गोव्याच्या खनिजांचे प्रदर्शन भरावे, आणि प्रत्येक नमुन्याला ठावठिकाणा असावा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

डिचोली, सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा या तालुक्यांतील खाणींविषयी आपल्या वृत्तपत्रातून सातत्याने लिहिले जाते. खाणबंदी, लिलाव, धूळ, आटलेल्या विहिरी, ट्रकमालकांचे आणि बार्जमालकांचे प्रश्न हे सारे विषय महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर यापुढेही लिहिले गेले पाहिजे. मात्र ज्या दगडापायी हे सर्व घडले, तो दगड हातात घेऊन पाहावा, ओळखावा आणि पुढच्या पिढीसाठी जपून ठेवावा, हा विचार आपल्याकडे क्वचितच मांडला जातो. अनेक वर्षे खनिजांचे नमुने छंद म्हणून गोळा करणारा वाचक या नात्याने माझी विनंती अशी आहे की, गोव्याच्या खाणपट्ट्यातील एखाद्या गावी दरवर्षी खनिजांचे प्रदर्शन भरवावे आणि त्यात मांडलेला प्रत्येक नमुना नेमका कोठे सापडला याची नोंद त्याच्यासोबत असणे सक्तीचे करावे.

या विनंतीचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा वाटतो. शाळा-महाविद्यालयांतील विज्ञान प्रदर्शनांत दगडांचे टेबल अधूनमधून दिसते. त्यावर ‘हेमॅटाइट’, ‘मँगनीज’, ‘क्वार्ट्झ’ अशा चिठ्ठ्या असतात. परंतु गाव, खाण आणि गोळा केल्याची तारीख यांचा पत्ता नसतो. खनिजाचे नाव चुकले असेल तर तपासणी करून ते केव्हाही दुरुस्त करता येते. ठिकाण एकदा हरवले की कोणतीही प्रयोगशाळा ते खात्रीने परत मिळवून देईलच असे नाही. म्हणूनच जगभरातील जाणकार संग्राहक नमुन्यावर, सहज न दिसणाऱ्या बाजूस, पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर शाईने क्रमांक घालतात, तोच क्रमांक नोंदवहीत लिहितात, आणि नमुना दुसऱ्याच्या हाती जाताना आधीच्या मालकाची जुनी चिठ्ठीही त्यासोबत देतात. आपल्याकडे चतुर्थीला गणपतीवर टांगल्या जाणाऱ्या माटोळीच्या स्पर्धेत रानातल्या प्रत्येक फळाचे आणि कंदाचे नाव सांगितले जाते, ते कोणत्या रानात मिळाले हे जाणती माणसे कौतुकाने विचारतात. त्याच रानाखालच्या दगडाची तेवढीही विचारपूस होऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गोव्यात पाहण्यासारखे आहे तरी काय, असे कोणी विचारील. शेजारच्या महाराष्ट्रातील दख्खनच्या बेसॉल्टमध्ये जे मिळते ते आपल्याकडे नाही, हे खरे आहे. पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणीतून आलेले गर्द निळे कॅव्हन्साइट, जळगाव आणि नाशिक भागातील अपोफिलाइट व स्टिल्बाइट यांना जगातील मोठ्या संग्रहालयांत मानाचे स्थान आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते वैभव सामान्य माणसालाही पाहता येते. १८६३ मध्ये पूर्ण झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गासाठी कातळ फोडताना निघालेले स्फटिक त्या काळी युरोपपर्यंत पोहोचले होते. आपल्या सत्तरीच्या ईशान्य टोकाला, सुर्ल्याच्या बाजूस, दख्खनच्या बेसॉल्टचा काठ येऊन टेकतो खरा. पण गोव्याचे वैशिष्ट्य तेथे नाही. ते आहे त्याहून कितीतरी जुन्या खडकांत.

खाणीच्या उभ्या कापात दिसणारा पट्टेदार खडक घ्या. पोलादी करड्या हेमॅटाइटचा, म्हणजे लोहाच्या खनिजाचा, एक थर, फिकट किंवा तांबूस सिलिकाचा एक थर, पुन्हा हेमॅटाइट, अशा पातळ पट्ट्या एकमेकींवर रचलेल्या असतात आणि पुष्कळदा घडी घातल्याप्रमाणे वाकलेल्या असतात. अडीच अब्ज वर्षांहूनही आधी, समुद्राच्या पाण्यात विरघळलेले लोह तळाशी साचत गेले तेव्हा हे थर तयार झाले. पुढे वर आलेल्या या खडकातील सिलिका पावसापाण्याने दीर्घकाळ झिजून गेली, लोह मागे राहिले, आणि ज्याला आपण ‘माल’ म्हणतो तो तयार झाला. मुरगाव बंदरातून जहाजे भरभरून गेलेल्या या मालाची मातृशिला कशी दिसते, हे डिचोलीतल्या किती मुलांनी पाहिले आहे? चकचकीत कापलेला असा एक पट्टेदार तुकडा काचेच्या कपाटात योग्य प्रकाशात ठेवला, तर तो कोणत्याही आयात केलेल्या स्फटिकाच्या शेजारी शोभून दिसेल, असे माझे ठाम मत आहे.

याच खाणींतून हाताला लागताच भुकटी होणारे निळसर ‘ब्लू डस्ट’ मिळते. पोकळ्यांतून द्राक्षांच्या घोसासारख्या गोलाव्याचे, काळेभोर आणि गुळगुळीत गोएथाइट मिळते. जर्मन कवी ग्योटे यांचे नाव १८०६ मध्ये या खनिजाला दिले गेले; ते स्वतः हजारो नमुन्यांचे संग्राहक होते, आणि त्यांच्या नावाचे खनिज आपल्या जांभ्या दगडात, म्हणजे घराच्या चिऱ्यातही असते, ही गोष्ट मुलांना सांगितली तर त्यांचे डोळे चमकतात असा माझा अनुभव आहे. दक्षिणेकडे रिवणच्या परिसरात मँगनीजची खनिजे आहेत. त्यांतील पायरोलुसाइट बोटांना काळे करते. मँगनीजच्याच ऑक्साइडाने खडकाच्या भेगांत रेखलेल्या नाजूक फांद्या पाहून पुष्कळ लोक त्यांना वनस्पतींचे जीवाश्म समजतात. पारोड्याजवळच्या चंद्रनाथ डोंगराचा ग्रॅनाइट, अनमोड घाटातील तीन अब्ज वर्षांहून जुना नाइस नावाचा रूपांतरित खडक, आणि दक्षिण गोव्यातील मॅग्नेटाइटयुक्त पट्टेदार खडक, ज्याला लोहचुंबक लगेच चिकटते, एवढे जरी एका दालनात क्रमाने मांडले तरी गोव्याची जडणघडण समोर उभी राहते.

हा छंद खर्चिक आहे, असा एक समज आहे. महागडे नमुने विकत घेणाऱ्यांपुरता तो खरा असेल. ओळखण्याची विद्या मात्र जवळजवळ फुकट आहे. घरातील फरशीची टाइल उलटी करून तिच्या चकाकी नसलेल्या बाजूवर दगड घासला की जी रेघ उमटते, तिच्या रंगावरून पुष्कळ काही कळते. हेमॅटाइट वरून काळे दिसो, करडे दिसो वा लाल, त्याची रेघ तांबूस तपकिरीच येते. गोएथाइटची पिवळसर तपकिरी येते आणि मॅग्नेटाइटची काळी. प्रदर्शनांत जागेचाही बाऊ करण्याचे कारण नाही. परदेशांतील स्पर्धांमध्ये एक इंच लांबी, रुंदी आणि उंचीच्या चौकोनात मावतील अशा लहान नमुन्यांचा स्वतंत्र गट असतो, आणि त्यात मुले मोठ्यांच्या बरोबरीने उतरतात. परीक्षक नमुन्याचा दर्जा पाहतात, तसेच चिठ्ठीची अचूकता आणि मांडणीही पाहतात. तुटलेला स्फटिक चिकटवला असेल तर तसे स्पष्ट लिहावे लागते. ते दडवणे गैर मानले जाते. हीच शिस्त मला आपल्याकडे रुजलेली पाहायची आहे.

आपल्या हवामानाविषयी एक सूचना येथेच नोंदवतो, कारण ती प्रदर्शनाच्या आयोजकांना उपयोगी पडेल. पायराइटसारख्या गंधकयुक्त खनिजांना गोव्याचा पावसाळा मानवत नाही. दमट हवेत ती हळूहळू विघटित होतात, त्यातून आम्ल तयार होते, आणि ते शेजारची चिठ्ठीसुद्धा खाऊन टाकते. अशा नमुन्यांच्या डबीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वरचेवर बदलाव्यात. जांभळा ॲमेथिस्ट दीर्घकाळ उन्हात ठेवल्यास फिकट पडतो, तेव्हा खिडकीसमोरची जागा त्याला देऊ नये.

अमेरिकेतील ॲरिझोना हे तांब्याच्या खाणींचे राज्य. तेथील टुसान शहरात १९५५ मध्ये स्थानिक छांदिष्टांच्या मंडळाने एका प्राथमिक शाळेत खनिजांचे छोटेसे प्रदर्शन भरवले. आज दर फेब्रुवारीत जगभरातील संग्राहक, संग्रहालये आणि व्यापारी त्या शहरात जमतात. फ्रान्समधील सेंत-मारी-ओ-मीन हे एके काळी चांदीच्या खाणींवर जगणारे गाव. खाणी सरल्यावरही दर उन्हाळ्यात तेथे खनिजांचा मोठा मेळा भरतो. जर्मनीतील फ्रायबर्ग या जुन्या खाणशहराने २००८ मध्ये आपल्या किल्ल्यात सुमारे साडेतीन हजार नमुन्यांचे कायमस्वरूपी दालन उघडले. साखळी किंवा कुडचडे येथील रवींद्र भवनात दोन दिवसांचे प्रदर्शन भरवणे आपल्याला अशक्य का असावे? पणजीच्या धेंपे महाविद्यालयात आणि मडगावच्या चौगुले महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवले जाते, गोवा विद्यापीठातही या विषयाचे अभ्यासक आहेत. त्यांचे विद्यार्थी नमुने तपासून द्यायला आणि पाहुण्यांना समजावून सांगायला सहज पुढे येतील.

अशा प्रदर्शनात विक्रीला परवानगी द्यायची झाल्यास नियम कडक हवेत. किनाऱ्यावरील बाजारांत हल्ली स्फटिक मोठ्या प्रमाणात विकले जातात. त्यांतील कित्येक ‘सिट्रीन’ म्हणजे भट्टीत तापवून पिवळे केलेले ॲमेथिस्ट असतात, भडक निळे-गुलाबी अकीक रंगवलेले असतात, आणि ‘ओपलाइट’ या नावाने विकली जाते ती चक्क काच असते. त्यांवर रोग बरे करण्याचे दावे चिकटवले जातात. रंगवलेला दगड कोणाला आवडला तर तो जरूर घ्यावा. परंतु तो रंगवलेला आहे हे लेखी सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक असावे, आणि औषधी गुणांचे दावे करणाऱ्यास टेबलच देऊ नये.

आता कायद्याविषयी. रानातून दगड उचलणे ही निरुपद्रवी गोष्ट आहे असे बहुतेकांना वाटते. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार वनात सापडणारे खडक आणि खनिजे हीदेखील वनोपज ठरतात. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी यांसारख्या अभयारण्यांतून तर काहीही उचलू नये, आणि मी स्वतः हे पथ्य पाळतो. खाणपट्ट्यात परवानगीशिवाय जाणे बेकायदा आहेच, शिवाय डंपच्या, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगांच्या, उतारावर जिवाला धोका असतो. मग छांदिष्ट मुलाने जावे कोठे, हा प्रश्न उरतो. खाण आणि भूगर्भशास्त्र संचालनालयाने वन खात्याशी विचारविनिमय करून, कोठून किती नमुने घेता येतील आणि परवानगी कोणाकडे मागावी, हे सांगणारी सोपी मराठी व कोकणी पुस्तिका काढावी. तोवर शाळांनी खाणचालकांकडे लेखी विनंती करून सुरक्षित जागी आणून ठेवलेल्या मालातून नमुने मागावेत, हा मार्ग मला उत्तम वाटतो.

ही निकड आजची आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे, म्हणजे उत्खननाच्या भाडेपट्ट्यांचे, नूतनीकरण रद्द केले, २०२२ च्या अखेरीस पहिल्या पट्ट्यांचा लिलाव झाला, आणि नव्याने उत्खनन सुरू होत आहे. जुन्या खाणींपैकी कित्येक पाण्याने भरल्या आहेत, काही बुजवल्या जातील. मुंबईत मालाड आणि कांदिवलीच्या दगडखाणी बंद पडल्या आणि शहर त्यांवरून पसरले. तेथील नमुने आज जुन्या संग्रहांतच पाहावे लागतात. आपल्या खाणींचेही तसेच होणार आहे. केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये भूवारसा स्थळे आणि भू-अवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता, तेव्हा या दिशेने विचार सुरू झाला आहे हे निश्चित. परंतु दिल्लीतील कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. प्रत्येक खाणपट्टाधारकाने उत्खननाच्या प्रत्येक पायरीवरून मातृशिला, माल आणि दोहोंमधील संक्रमणाचा खडक असे मुठीएवढे नमुने बाजूला काढावेत, त्यांवर क्रमांक घालून खाणीचे नाव, पायरीची उंची आणि तारीख नोंदवावी, आणि वर्षातून एकदा ते सार्वजनिक संग्रहाला द्यावेत, अशी अट राज्य शासनाने घालावी. लाखो टनांच्या उलाढालीत या चार पेट्यांचा भार कोणालाही जाणवणार नाही.

ज्या निवृत्त खाण कामगारांच्या आणि रसायनतज्ज्ञांच्या घरी जुने नमुने पडून आहेत, त्यांनी ते कोठून आणले हे आठवते तोवर कागदावर लिहून त्यांच्यासोबत ठेवावे, अशी कळकळीची विनंती आपल्या माध्यमातून करतो. पहिल्या प्रदर्शनासाठी माझा संग्रह, नोंदवहीसह, देण्यास मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक खनिजसंग्राहक, डिचोली