अरबी शिकायला कोल्हापूरच्या पोरांनी दिल्लीच का गाठायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की पेपरात करिअरच्या पुरवण्या सुरू होतात, इंजिनिअरिंग, नीट, सीए, फॉरेन लँग्वेज म्हटलं की जर्मन आणि जपानी, पण अरबीचं नाव मला तरी त्यात दिसलं नाही. मी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो आणि मोडी वाचतो, त्यामुळं हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा मोठं पत्र लिहितोय, कृपया जागा द्यावी.

माझी एक विद्यार्थिनी सध्या दिल्लीला अरबीत बी.ए. ऑनर्स करतेय. वडिलांचं उद्यमनगरात वर्कशॉप, घरात नवरात्र एकदम कडक. तिनं हा कोर्स घेतला तेव्हा आत्याचा पहिला प्रश्न होता, "अगं, तू मदरशात जाणार काय?" आणि गल्लीतल्या लोकांनी तर धर्म बदलण्यापर्यंत विषय नेला. दुसरा एक मुलगा, मुस्लिम घरातला, अतिशय हुशार, त्याला इस्लामिक स्टडीज करायचं होतं, तर त्याच्या घरचे म्हणाले मौलाना व्हायचंय तर मदरशात जा की, त्याला युनिव्हर्सिटी कशाला लागते, नाहीतर सरळ आयटीआय कर. म्हणजे दोन्हीकडं समज एकच, की अरबी हे फक्त धर्माचं शिक्षण. पोरगी हट्टानं गेली, पोरगा थांबला, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

मदरशातलं शिक्षण आणि विद्यापीठातलं शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मदरशात आलिम म्हणजे धर्मपंडित घडवतात, दर्स-ए-निजामी हा तिथला अठराव्या शतकापासून चालत आलेला अभ्यासक्रम, त्याची स्वतःची शिस्त आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. विद्यापीठात कुराण, हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आठवणी, फिकह म्हणजे कायदेशास्त्र, सूफी परंपरा, शिया-सुन्नी मतभेद हे सगळं इतिहास म्हणून, समाज म्हणून अभ्यासतात, आणि ते कुणीही शिकू शकतं. अलीगढला, जामियाला इस्लामिक स्टडीजचे वेगळे विभाग आहेत. यूजीसी नेट म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, तिच्यात अरबी हा एक विषय आहे आणि अरब संस्कृती व इस्लामिक स्टडीज हा अजून एक वेगळा विषय आहे. इंग्लंडात केंब्रिजला अरबीचं अध्यासन १६३२ मध्ये सुरू झालं, म्हणजे शिवाजी महाराज दोन वर्षांचे असताना. आणि ज्यांना वाटतं की दुसऱ्याचा धर्म शिकलं की माणूस तिकडंच जातो त्यांनी मध्य आशियातला विद्वान अल-बिरूनी आठवावा, हा माणूस संस्कृत शिकला, पंडितांकडं बसला, इथल्या धर्मावर, गणितावर, पंचांगावर साधारण १०३० च्या सुमारास अरबीत मोठा ग्रंथ लिहिला, आणि शेवटपर्यंत मुसलमानच राहिला.

भाषा सोपी नाही हे पण सांगायला पाहिजे. अक्षरं २८ पण शब्दात जागा बदलली की आकार बदलतो, ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत, त्यामुळं व्याकरण पक्कं असल्याशिवाय साधं वाक्य बरोबर वाचता येत नाही. डिक्शनरीत शब्द शोधायचा तर आधी त्याची मूळ अक्षरं, बहुतेक तीन, ओळखायची आणि मग त्या मुळाखाली बघायचं. शिवाय पुस्तकातली, बातम्यांतली अरबी वेगळी आणि कैरोच्या रस्त्यावरची वेगळी, मोरोक्कोची आणखीनच वेगळी. पहिलं वर्ष पोरं अक्षरशः घाम गाळतात. पण जेएनयूसारख्या ठिकाणी एकदम अलिफपासून, म्हणजे पहिल्या अक्षरापासून, सुरू करतात, आधी काही यायला लागत नाही.

आता माझ्या विषयाचं सांगतो. मराठेशाहीचं कुठलंही मोडी पत्र घ्या, तारीख कशी असते? 'छ १० रबिलावल', छ म्हणजे चंद्र, आणि महिना हिजरी, म्हणजे मुस्लिम चांद्र पंचांगातला. साल लिहायचं ते सुरसनात, म्हणजे अरबी आकड्यांत साल सांगणाऱ्या जुन्या कालगणनेत, 'इसन्ने सबैन मया व अलफ'. इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, झाले ११७२, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, मृगाला साल बदलतं म्हणून कधी हे कधी ते, की आलं १७७१-७२. हे सगळे आकडे अरबी आहेत. आमच्या मोडी वर्गात पोरं हा तक्ता पाढ्यासारखा पाठ करतात आणि एखादं अक्षर पुसट असलं की अडकतात, सबैन का तिसैन, वीस वर्षांचा फरक पडतो, एखाद्या इनामाच्या कागदाला वीस वर्षं म्हणजे अख्खी पिढी. ज्याला अरबी येते तो मागच्या पुढच्या अक्षरांवरून ओळखतो. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पडलेत, पन्हाळ्याच्या तीन दरवाजावर फारसी शिलालेख आहे, विजापूरच्या इब्राहिम रोज्याच्या भिंती अरबी अक्षरांनी भरल्यात, आणि आपण ट्रिपला जातो, फोटो काढतो, परत येतो. ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी या इतिहास संशोधकांनी फारसी साधनं मराठीत आणली म्हणून आपल्याला आपला इतिहास दुसऱ्या बाजूनं बघता आला. ती परंपरा पुढं न्यायला माणसं लागतील ना, ती कुठून येणार?

दुसरी गोष्ट वकिलांची. २०२५ च्या ऑगस्टपासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय, किती वर्षांच्या आंदोलनानंतर आलंय ते आपल्याला माहीतच आहे. १९३७ च्या शरियत कायद्यानुसार निकाह, तलाक, वारसा असल्या बाबतीत मुस्लिमांना त्यांचा व्यक्तिगत कायदा लागतो, पण तो सगळ्यांना एकसारखा नाही. सुन्नींमध्येच कायद्याचे वेगवेगळे पंथ आहेत, घाटावर बहुतेक मुस्लिम समाज हनफी पंथाचा, आणि गगनबावडा उतरून कोकणात गेलं की शाफई, कारण तिथं शेकडो वर्षं अरबांची गलबतं येत होती. हनफी मतात सज्ञान मुलगी वलीशिवाय, म्हणजे वडील वगैरे पालकाशिवाय, स्वतः निकाह करू शकते, शाफई मतात वली लागतोच. आता सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या केसेस पण याच बेंचकडं येणार. हे सगळं मूळ ग्रंथातून वाचू शकणारा एखादा तरी माणूस इथं असावा असं वाटणं चूक आहे का? आणि टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर कुराणातली अर्धी आयत टाकून भांडणं लावतात तेव्हा मागचं पुढचं वाचून सांगणारा आपल्यातलाच कुणीतरी असला तर किती बरं होईल, मग तो शेख असो नाहीतर पाटील.

नोकरीचं विचारतात सगळे, तर संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत अरबी आहे, अरब लीगमध्ये २२ देश आहेत, मुंबईच्या हॉस्पिटलात तिकडचे पेशंट येतात त्यांना दुभाषे लागतात, आखातात जाणाऱ्या आपल्या पोरांच्या करारांना भाषांतर लागतं. काम आहे.

दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगवरून आपण रोज जातो. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम पोरांच्या शिक्षणासाठी संस्था काढली, स्वतः अध्यक्ष झाले, आणि कुराण मराठीत यावं म्हणून पण पैसा दिला. शंभर वर्षांपूर्वी राजाला जे सुचलं ते आपल्याला आज जमू नये? माझी शिवाजी विद्यापीठाला कळकळीची विनंती आहे की इथं अरबी आणि इस्लामिक स्टडीजचा विभाग उभा करावा. एकदम मोठा नको, आधी एक वर्षाचं सर्टिफिकेट, संध्याकाळची बॅच, सगळ्यांना खुली, नेट झालेला एक चांगला शिक्षक, आणि इतिहासाच्या व कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्याचे क्रेडिट मिळू देत. पुढचं पोरं आपोआप मागतील.

आणि आपल्याला एक विनंती. पुढच्या करिअर पुरवणीत अरबीला अर्धं पान तरी द्या, आणि ती पुरवणी निकालानंतर नको, जानेवारी लागायच्या आत काढा. कारण केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिचे फॉर्म बारावीच्या निकालाच्या बरेच आधी भरायचे असतात, निकालानंतर कळलं तर ते वर्ष गेलंच.

आपला,
एक इतिहास शिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर