सूचना: स्वित्झर्लंड सहल, पहिल्या दिवसाचं ड्रायव्हिंग

नमस्कार मंडळी,

झुरिकला उतरल्यावर त्याच दिवशी थेट फुर्का घाट (२४२९ मीटर) गाठायचा, असा आग्रह काही जणांनी धरलाय. नको. रात्रभर विमानात अवघडून बसलेलो असणार, त्यात घड्याळ साडेतीन तास मागे. शिवाय स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर सुरू होतील, हे लिहून ठेवा.

पहिल्या दिवशी ल्युसर्नमार्गे ब्रूनिग घाट (१००८ मीटर) ओलांडून इंटरलाकेन, एवढंच. अंतर जेमतेम सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. घाटाअलीकडे लुंगर्नच्या तळ्याशी चहाला थांबू. थर्मास कोण आणतंय ते कळवा.

राउंडअबाउटमध्ये डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गावात ५०, गावाबाहेर ८०, मोटरवेवर १२० ही मर्यादा. बोर्डावर कमी आकडा असेल तर तोच खरा. दिवसाही हेडलाइट चालू हवेत. मोटरवेला टोलनाके नाहीत, वर्षाचं एकच ४० फ्रँकचं स्टिकर असतं. गाडी ताब्यात घेताना ते आहे ना, बघून घ्या. घाट उतरताना खालचा गिअर. नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

चालवणाऱ्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना आताच काढावा आणि मूळ लायसन्सही सोबत ठेवावं. प्रत्येक गाडीला दोन चालक, दोघांचीही नावं भाडेकरारात हवीत. ती नावं रविवारपर्यंत इथेच टाका.