दादा, दुपटी तुम्ही आधी उचललीत

मिस्त्रीदादा,

तुम्ही काम करून गेलात त्याला आज आठ दिवस झाले. पैसे देताना मला धड बोलता आलं नाही. तुमची गाडी गल्लीतून वळली आणि मी न्हाणीच्या दारात बसून रडले. तेव्हा जे बोलायचं होतं ते आता लिहिते.

पंचवटीतलं हे घर सासऱ्यांनी बांधलं, बंबही तेव्हाचाच. निफाडकडे पारा उतरला की इथंही पहाटे बोटं आखडतात. मग सासूबाई बंबफोड सारून, फुंकणीनं जाळ करून सगळ्यांचं पाणी तापवायच्या. घरात बाळ आलं, धूर नको, म्हणून बंब काढून सोलर घ्यायचं ठरलं. धुराड्याचा राखाडी पाइप आम्ही साधा सिमेंटचाच समजत होतो. त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असं बारीक तंतूंचं खनिज, आहे, आणि सांध्याला गुंडाळलेली ती पांढरी, पिंजारलेली दोरी तर ॲस्बेस्टॉसचीच, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

तुमच्या आधी जो आला त्याला ठाऊक असायला हवं होतं. त्यानं सरळ ग्राइंडर लावला. न्हाणीत पीठ उडावं तशी धूळ उडाली. मी हटकलं तर म्हणाला, "ताई, गावभर हेच पत्रे आहेत, कोण मेलं?" त्याच्या पोऱ्यानं ती धूळ कोरड्या केरसुणीनं अंगणात लोटली. सोळा-सतरा वर्षांचं पोर, तोंडाला साधा रुमालसुद्धा नाही. अर्धा पाइप तसाच ठेवून ते गेले ते फिरकलेच नाहीत. नंतर जिथे जिथे फोन केला तिथे एकच उत्तर, हे आमच्याकडे येत नाही. या धुळीचा आजार वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी वर येतो असं वाचलं, आणि मी रात्री बाळाच्या पाच महिन्यांत ती वर्षं मिळवत बसायचे.

तुम्ही आलात, पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीत. पहिला प्रश्न विचारलात, "बाळ कुठं झोपतं?"

मी खोली दाखवली. तुम्ही खिडकी लावून घेतलीत, दाराच्या फटीत ओलं फडकं सारलंत. मग अंगणात जाऊन दोरीवरची दुपटी तुम्ही स्वतः काढलीत. झटकली नाहीत. एकेक हलक्या हातानं घडी करून बादलीतल्या पाण्यात सोडलीत आणि म्हणालात, "ही परत धुवा ताई." इतक्या दिवसांत त्या दुपट्यांचा विचार कुणाच्याच मनात आला नव्हता, माझ्याही नाही.

पुढचं काम मी दारातून पाहिलं. सगळं आधी भिजवून घेतलंत, पाइप न फोडता अखंड उतरवलात, प्लॅस्टिकमध्ये दुहेरी बांधलात. मला उगाच धीर दिला नाहीत, घाबरवलंही नाहीत. सिमेंटात घट्ट आहे तोवर तंतू उडत नाही, दोरीतला मात्र हात लागला तरी सुटतो, एवढं समजावलंत. एका दिवसाच्या धुळीचा धोका थोडा, रोज ती खाणाऱ्याचा मोठा, असंही म्हणालात. त्या रात्री मी झोपले. तो पोऱ्या मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी चाळीस वर्षं जपायला सांगितलं. घरोघरी पाइप कापत फिरणाऱ्या पोराची नोंद कोण ठेवणार? तुम्हीच त्याला गाठून चार शब्द सांगाल का? माझं तो ऐकणार नाही.

निघताना परसात नळाखाली हातपाय धुतलेत, अंगावरचे कपडे बदलून पिशवीत बांधलेत. "हे हिला धुवायला देत नाही," म्हणालात. नवऱ्याचे कपडे धुऊन धुऊन बायकांना हा आजार झालाय, हे मला त्या दिवशी तुमच्याकडून कळलं. परक्याच्या घरातल्या लेकराची आणि आपल्या घरातल्या माणसाची काळजी तुम्ही एकाच मापानं केलीत. अशी माणसं या गावात आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं, दादा.

बंब सासूबाईंनी चिंचेनं घासून माजघरात ठेवलाय. पुढच्या महिन्यात बाळाचं उष्टावण आहे. वहिनींना घेऊन या, जेवूनच जायचं.

तुमची,
पंचवटीतली ताई