कढईसोबतचं पत्र

जेलरोड, नाशिकरोड
१२ जानेवारी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

खोक्यात जड काय आहे म्हणून दचकू नकोस. आजीची लोखंडी कढई आहे. शेजारच्या काकांचा धाकटा उद्या सकाळच्या बसने चाकणला निघालाय, तो रविवारी तुझ्याकडे वाकडला आणून देईल. त्याला चहा तरी विचार. कढईत तिळाचे लाडू आहेत आणि खालच्या डब्यात अळिवाचे. अळिवाचे आत्याने केलेत, कारण आईला नारळ खवता येत नाही. का येत नाही ते आता तुला ठाऊक झालंच आहे.

परवा फोनवर तू जे बोललीस ते बरोबर होतं. आईच्या मनगटाचं तीन आठवडे तुझ्यापासून लपवलं ही चूक झाली. आईने शपथ घातली होती हे कारण मी सांगणार नाही, साठी उलटलेल्या माणसाने शपथेमागे लपू नये. पण तूही जरा बघ. ऑफिसच्या जिन्यात तुला चक्कर येते, तू खाली बसतेस, मैत्रीण तुला दवाखान्यात नेते, रिपोर्टात ८.१ येतं आणि आम्हाला ते कळतं कुणाकडून, तर तुझा फोन चुकून उचललेल्या त्याच मैत्रिणीकडून! बायकांना बारा तरी असावं लागतं. बाराचं आठ एका रात्रीत होत नाही, सोनू. म्हणजे किती महिने तू...

असो. हिमोग्लोबिनचा विषय पत्रात काढणार नाही असं आईला कबूल करून मी लिहायला बसलोय.

भांडण संपता संपता तू चिडक्या आवाजातच विचारलंस, "आणि आई तो कोबी कसा करते?" आई रडत होती म्हणून तिने फोन माझ्याकडे दिला, आणि मला तेव्हा धड सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र. सध्या या घरात कोबी मीच करतो. आई स्वयंपाकघराच्या दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसते, प्लास्टरचा हात उशीवर, आणि तोंडाने स्वयंपाक करते. पहिल्या दिवशी अर्धा गड्डा चिरायला मला पाऊण तास लागला. चौतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये शीटवरची रेघ केसभर सरकली तरी पकडायची सवय, त्यामुळे एक तुकडा जाड, एक बारीक झाला की मी तो परत चिरायला घ्यायचो. शेवटी आई म्हणाली, "अहो, नोटा नाहीत त्या. खायच्या आहेत."

तर गड्डा घेताना हातात घेऊन बघ. आकाराने लहान पण वजनाला जड असा घ्यायचा. फुगलेला आणि हलका असेल तर आत पानं सैल असतात, वाऱ्याचे पैसे देतो आपण. आत्ता थंडीत कोबी उत्तम येतो. गिरणारे, दिंडोरीकडचा माल इथे इतका आलाय की भाजीवाली दोन गड्ड्यांवर कोथिंबिरीची जुडी फुकट देते. गेल्या बुधवारी गोदाकाठी, गंगेवरच्या बाजारात गेलो होतो, तिथे एक शेतकरी सांगत होता की तोडणीची मजुरी सुटत नाही, उरलेल्या शेतात रोटाव्हेटर फिरवणार. आपण दहा रुपयांना गड्डा मिळाला म्हणून खुश होतो. मला त्या दिवशी भाव करायची लाज वाटली. मागितले तेवढे दिले आणि घरी येऊन आईची बोलणी खाल्ली.

वरची दोन-तीन पानं काढून टाक. चार फोडी करून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेव, अळी असली तर बाहेर येते. मग पाणी पूर्ण निथळू दे. हे आई तीनदा लिहायला सांगतेय: ओला कोबी कढईत टाकलास तर तो परतला जात नाही, उकडतो. मधला दांडा काढ, पण फेकू नकोस. लहानपणी विळीशेजारी बसून तू आणि दादा त्या दांड्यावरून भांडायचात. तो लिंबू-मीठ लावून खाण्याचा तुझा हक्क होता, कारण तू धाकटी. दादा अजूनही ते विसरलेला नाही.

एकटीला पाव किलो पुरे. चिरल्यावर ढीग दिसेल, घाबरू नकोस, परतला की निम्म्याहून कमी होतो. मूठभर हरभऱ्याची डाळ सकाळी आंघोळीआधी कोमट पाण्यात भिजत घाल. दोन चमचे तेल चांगलं तापू दे. मोहरी तडतडली पाहिजे, नुसती काळी होऊन चालत नाही. मग जिरं, हिंग, कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, आणि हळद. त्यात निथळलेली डाळ टाकून चार-पाच मिनिटं परत. दाणा दाबून बघ, मोडला पाहिजे. मग कोबी. गॅस मोठा. झाकण ठेवायचं नाही. सात-आठ मिनिटं उलथन्याने खालवर करत राहा, कडा जरा तांबूस झाल्या, चावताना किंचित कुरकुर राहिली की बंद. वर कोथिंबीर. आई ओलं खोबरं घालते, मी दाण्याचं कूट घालतो. सध्या हात माझा असल्यामुळे घरात कूट चालू आहे.

झाकणाचं का म्हणतो ते सांगतो, आणि हे आईला वाचून दाखवताना मी गाळणार आहे. माझी पहिली पाळी असायची तेव्हा आई पहाटे उठून डबा करायची. घाईत कोबी झाकण ठेवून शिजवायची आणि गरम गरमच डब्यात कोंबायची. कोबीत गंधक असतं, तो जास्त शिजला की तो वास सुटतो, आणि बंद डब्यात पाच तास राहिला की काय होतं विचारू नकोस. मी डबा उघडला की शेजारचे दोघे खुर्च्या सरकवायचे. आमच्यात एक कर्मचारी होता, त्याला काहीही चालायचं, त्याला मी भाजी द्यायचो आणि त्याच्या डब्यातलं लोणचं घ्यायचो. घरी येऊन सांगायचो, "कोबी मस्त झाला होता." अशी कितीतरी वर्षं. नोटबंदीच्या त्या नोव्हेंबर-डिसेंबरात तर आम्ही सुट्टी न घेता राबत होतो, आणि आईला वाटायचं, दमतात बिचारे, आवडीचं तरी द्यावं, म्हणून आठवड्यातून तीनदा कोबी! तेव्हा तू अकरावीत असशील, नाही, बारावीत. तू एकदा मला स्वयंपाकघरात हळूच विचारलं होतंस, "बाबा, तुम्ही खरंच खाता?" मी हो म्हणालो होतो. आज खरं सांगतो, नाही.

बघ, खोटं बोलण्यात आपलं घर कसं तयार झालंय. आई हात लपवते, मी भाजी लपवतो, तू रिपोर्ट लपवतेस.

पुन्हा तिथेच आलो. येणारच होतो. मग आता बोलूनच टाकतो. कोबीत लोह फार नसतं हे मला माहीत आहे. पण त्यात क जीवनसत्त्व असतं, लिंबातही असतं, आणि खाल्लेलं लोह अंगी लागायला ते मदत करतं. आचेने ते कमी होतं, म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं. लोखंडी कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. आणि जेवल्यावर लगेच चहा घ्यायचा नाही. चहा लोह शोषू देत नाही. तुझा तो दुपारचा कडक चहा एक-दोन तास पुढे ढकल. गोळीही चहाबरोबर घ्यायची नाही. गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून तू परस्पर बंद केल्यास असं तुझी मैत्रीण म्हणाली. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. बंद करायच्या नाहीत. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांग, ते बदलून देतील, जेवणानंतर घ्यायला सांगतील, काहीतरी करतील. कढई गोळ्यांऐवजी नाही. आणि हे कशामुळे झालं तेही त्यांनी शोधायला हवं, नुसती गोळी देऊन...

बघ, व्याख्यान सुरू झालं. माफ कर. तू बारा माणसांची टीम सांभाळतेस, मला माझ्या सव्विसाव्या वर्षी स्वतःचा पगारही आईच्या हातात दिल्याशिवाय सांभाळता येत नव्हता. मागच्या महिन्यात तुझ्या कंपनीच्या कार्यक्रमाचा तो व्हिडिओ मी जॉगिंग ट्रॅकवर सगळ्यांना दाखवला, इंग्रजी न कळणाऱ्यांनाही. एक जण म्हणाला, पोरगी वाळलेली दिसते. मी म्हणालो, कॅमेऱ्यामुळे. तेव्हा मला दिसलं नाही. केसभर सरकलेली रेघ दिसायची मला, आणि पोरीचे पांढरे ओठ दिसले नाहीत. अक्काच्या वेळीही घरातल्या सगळ्यांनी हेच म्हटलं होतं, की ती आधीपासूनच अशी गोरी आहे. अक्काबद्दल मी तुम्हा मुलांसमोर फारसं बोललो नाही. या पत्रातही नको.

कढईबद्दल लिहितो.

आजीने ती भांडी बाजारातून घेतली होती, माझ्या जन्माआधी. दहीपुलाजवळच्या घरात ती चुलीवर असायची. २००८ चा पूर तुला आठवत असेल, गणपती नुकतेच गेले होते. नाशिककर पूर गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, कमरेला लागला, छातीला लागला. त्या वर्षी मारुती दिसेनासा झाला आणि गंगा थेट सराफ बाजारात, भांडी बाजारात शिरली. आजीला वरच्या मजल्यावर नेलं. खालचं स्वयंपाकघर गेलं. पाणी ओसरल्यावर आपण गेलो तेव्हा तू हट्टाने आलीस आणि जिन्यात बॅटरी धरून उभी राहिलीस, दहा वर्षांची. मी गुडघाभर गाळात हात घालून भांडी काढत होतो. पितळेची सापडली की आजी वरून "ठेव बाजूला" म्हणायची. कढई सापडली तेव्हा म्हणाली, "ती दे इकडे." नातीच्या हातातली बॅटरी थरथरत होती, पण तिने खाली घेतली नाही. मी नंतर कितीदा तरी लोकांना सांगितलंय, तुला सांगितलं नसेल.

गंजून नारिंगी झाली होती. चिंच आणि विटेच्या भुकटीने घासली, तेल लावून तापवली, पुसली, पुन्हा तेल, पुन्हा तापवली. असं तीन दिवस. तेव्हापासून ती आमच्याकडे. म्हणून सांगतो, सिंकमध्ये भिजत टाकू नकोस. घासली की लगेच गॅसवर कोरडी कर आणि तेलाचं बोट फिरव. भाजी झाली की दुसऱ्या भांड्यात काढ, त्यातच ठेवलीस तर काळी पडते आणि तोंडाला लोखंडाची चव येते. लिंबूही काढल्यावरच पिळ, कढईत नको. आणि तुझ्या खोलीवर गॅस आहे ना? बूड गोल आहे, इंडक्शनवर बसणार नाही. हे मला आत्ता सुचतंय. नसेल तर कळव, मी सपाट बुडाचा तवा पाठवतो. पण कढई परत पाठवू नकोस, ठेवून घे.

संक्रांतीला येत नाहीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. रजा नाही तर नाही. पाच-साडेपाच तास बसमध्ये बसून तू येणार, त्यात सिन्नर घाटापर्यंत वळणं आणि तुला चक्कर... नको, येऊच नकोस. किंवा दादा गाडी घेऊन निघेल तर त्याच्याबरोबर ये. आई म्हणते मी तुला ये म्हणतोय की येऊ नको म्हणतोय ते कळत नाही. मलाही कळत नाहीये.

इथे थंडी कडक आहे. निफाडचा पारा रोज पेपरात येतो आणि आई तो मोठ्याने वाचून मला गरम पाणी लावायला सांगते. तिचं प्लास्टर २३ तारखेला निघेल. बोटं हलवते, सूज उतरलीय. हे खरं आहे, शपथेवर.

दर महिन्याला रिपोर्ट काढलास की फोटो पाठव. आकडा कितीही असू दे. मी काही बोलणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. आईने सगळं पत्र वाचून घेतलं. डब्याचं मी गाळणार होतो, पण तिने कागदच हातातून ओढला, डाव्या हाताने. त्यावर ती एवढंच म्हणाली, की तिला माहीत होतं, डबा इतका स्वच्छ कुणी चाटूनपुसून खात नाही. मग म्हणाली, एवढं रामायण लिहिलंत, मीठ कुठाय? खरंच राहिलं. मीठ शेवटी घाल, कोबी बसल्यावर. आधी घातलंस तर पाणी सुटतं, आणि ढीग बघून अंदाज केलास तर खारट होतो. पाव किलोला अर्धा चमचासुद्धा जास्त. चव घेऊन बघ.